युर्गिस का कोसळला? 'द जंगल'मधील देशांतरिताच्या पतनाविषयीच्या चर्चेचा आढावा

लग्नाचा विधी आटोपला आहे आणि नवरीची नातलग मरिया बेर्चिन्स्कास गाडीवानाला लिथुएनियन भाषेत फैलावर घेते आहे. त्याला ती भाषा येत नाही हे कळताच ती पोलिश सुरू करते. तेव्हा मात्र त्याला सगळे नीट समजते. शिकागोतल्या खाटीकखान्यांच्या वस्तीत, एका दारूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत लग्नाची पंगत मांडलेली आहे. फिडलवाला पाय आपटून वाजवतो आहे. नवरा आहे युर्गिस रुदकुस, धिप्पाड बांध्याचा आणि आपल्या मनगटावर पूर्ण भरवसा असलेला. संसाराच्या काळजीने नवरी ओना रडवेली झाली, की तो एकच उत्तर देतो: मी जास्त काम करीन.

अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीची ही सुरुवात. ती पुस्तकरूपाने १९०६च्या फेब्रुवारीत आली. शीर्षकातला शब्द आपल्याच भाषांमधून इंग्रजीत गेलेला, म्हणून मराठी वाचकाला तो परका वाटत नाही. अवघ्या काही वर्षांत हा नवरदेव बायको, मूल, घर, नोकरी, इभ्रत असे सारे गमावतो. तो का कोसळला, आणि त्याचे कोसळणे कोणत्या अर्थाने खरे मानायचे, हा प्रश्न गेली शंभरहून अधिक वर्षे चर्चेत आहे. चर्चा आज कुठवर आली आहे, याचा हा आढावा.

पतनाचा क्रम

आधी कथानकाचे टप्पे पाहू, कारण पुढचे मतभेद त्यांच्यावरच उभे आहेत. ओनाचे वडील वारतात, कर्जापायी जमीन हातची जाते आणि बारा जणांचा गोतावळा लिथुएनियातून अमेरिकेला निघतो. शिकागोच्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गर्दीतून युर्गिसला अर्ध्या तासात काम मिळते. जनावरे कापतात तिथली आतडी झाडून खाली लोटायची, तासाला साडेसतरा सेंट. पहिल्याच दिवशी दीड डॉलरहून अधिक कमाई झाली म्हणून तो हरखून जातो.

मग घर. किंमत १५०० डॉलर, त्यातले ३०० रोख आणि बाकीचे महिना १२ डॉलरप्रमाणे. करारात 'भाडे' हा शब्द दिसल्यावर घरातली माणसे हादरतात, दोनदा वकील गाठतात, शेवटी सही करतात. वर्षाला सात टक्के व्याजही भरायचे आहे, हे पुढे शेजारची म्हातारी सांगते. 'नवे कोरे' म्हणून विकलेले ते घर जुने, रंग लावून सजवलेले असते आणि त्याआधी अनेक कुटुंबांना विकून परत घेतलेले असते. इथून उतरण लागते. युर्गिसच्या म्हाताऱ्या वडिलांना, अंतानासला, नोकरीसाठी पगाराचा तिसरा हिस्सा द्यावा लागतो आणि त्या कामातच त्याचे आयुष्य संपते. युर्गिसचा घोटा दुखावतो, नोकरी सुटते, आणि ज्याला कोणी हात लावत नाही त्या खताच्या कारखान्यात तो जातो. कॉनर नावाचा मुकादम ओनाला धाकात घेऊन भ्रष्ट करतो. युर्गिस त्याला बदडतो आणि तुरुंगात जातो.

सुटून तो घराकडे येतो तो प्रसंग विसरता येत नाही. घराला नवा रंग दिलेला, फुटक्या काचा बसवलेल्या, खिडक्यांना पडदे. पायरीवर एक अनोळखी, गुटगुटीत पोरगा उभा. घर पुन्हा 'नवे' झालेले असते, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. त्यानंतर ओना बाळंतपणात जाते. त्यांचा लहानगा मुलगा, आजोबांच्याच नावाचा अंतानास, रस्त्यावरच्या पाण्यात बुडून मरतो. युर्गिस कुटुंब सोडून भटक्या होतो, मग भिकारी, चोर, राजकीय दलालांचा माणूस, शेवटी संप फोडणारा. अखेरीस एका सभेत त्याला समाजवादाची दीक्षा मिळते.

कादंबरी कशी घडली

१९०४च्या उन्हाळ्यात शिकागोच्या मांसकामगारांचा मोठा संप झाला आणि फसला. कॅन्ससमधल्या गिरार्ड गावातून निघणाऱ्या 'अपील टू रीझन' या समाजवादी साप्ताहिकाने सिंक्लेअर यांना ५०० डॉलर आगाऊ देऊन मजुरांच्या गुलामीवर लिहायला सांगितले. वय पंचविशीच्या आसपास. सात आठवडे ते वस्तीत हिंडले, कामगारांच्या घरी बसले. जुनाट कपडे आणि हातात जेवणाचा डबा एवढ्या वेशावर कारखान्यात शिरता येई. एका रविवारी ते आगंतुकासारखे लिथुएनियन लग्नात जाऊन बसले आणि तिथेच पहिले प्रकरण सापडले, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. लेखन मात्र न्यू जर्सीत प्रिन्स्टनजवळच्या एका खोपटात झाले. आदल्या हिवाळ्यात बायको व तान्ह्या मुलासह काढलेले हालाखीचे दिवस आपण या कुटुंबाच्या दुःखात ओतले, हेही त्यांनी मान्य केले आहे. म्हणजे युर्गिसच्या घरातली थंडी काहीशी शिकागोची, काहीशी लेखकाच्या स्वतःच्या घरची. ही सरमिसळ पुढच्या वादाचे एक मूळ आहे.

कादंबरी १९०५मध्ये साप्ताहिकात क्रमशः आली. एका मोठ्या प्रकाशकाने नाकारल्यावर डबलडे, पेज या संस्थेने आपल्या माणसांकरवी शहानिशा करून ती छापली. मालिकेत ३६ प्रकरणे होती, पुस्तकात ३१ राहिली.

पहिले वाचन : माणूस बाजूला, मांस पुढे

पहिल्या वाचकांनी युर्गिसपेक्षा आपल्या ताटाकडे पाहिले. सडके मांस, उंदरांची विष्ठा, क्षयी जनावरे यांची वर्णने मोजक्या पानांत आहेत. गहजब त्यांवरच झाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नील व रेनल्ड्स या दोन तपासनिसांना चौकशीला पाठवले. त्यांच्या अहवालाने घाणीच्या बहुतेक आरोपांना दुजोरा दिला. चरबीच्या कढईत माणसे पडल्याच्या आरोपाला पुरावा मिळाला नाही. ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. कामगारांचे तास, मजुरी, अपघात यांविषयी त्यांत काही नव्हते. आपला नेम लोकांच्या काळजावर होता, लागला पोटाला, अशा आशयाची खंत सिंक्लेअर यांनी त्याच वर्षी व्यक्त केली.

या वाचनाचा परिणाम दीर्घकाळ टिकला. शाळा-कॉलेजांत कादंबरी अन्नसुरक्षेच्या इतिहासातला दस्तऐवज म्हणून शिकवली गेली आणि युर्गिस हा कारखाना दाखवणारा वाटाड्या होऊन बसला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर समीक्षक त्याच्याकडे पात्र म्हणून वळले. तिथून खरी चर्चा सुरू होते.

पहिली भूमिका : पतन अटळ होते

एका गटाने कादंबरी निसर्गवादाच्या चौकटीत वाचली. फ्रान्समध्ये झोलाने रूढ केलेल्या या पद्धतीत माणूस परिस्थिती, शरीर आणि भूक यांच्या जात्यात भरडला जातो. त्याच्या इच्छेला फारसे मोल नसते. युर्गिसचे शरीर हेच त्याचे भांडवल. शरीर धड होते तोवर फाटकाशी त्याची निवड झाली. घोटा दुखावला आणि फाटकावरचे मुकादम त्याच्याकडे बघेनासे झाले. या वाचनात पतनाला दोष असा नसतोच, यंत्राचा नियम असतो.

जून हॉवर्ड यांनी १९८५च्या ग्रंथात अमेरिकी निसर्गवादाची एक खूण दाखवली. या कादंबऱ्यांत एकीकडे परिस्थितीत अडकलेले, बोलता न येणारे पात्र असते आणि दुसरीकडे त्याला न्याहाळणारा सुशिक्षित निवेदक. ही निरीक्षणाची दृष्टी 'द जंगल'लाही लागू पडते. आपल्यावर काय ओढवले आहे हे युर्गिसला उमगत नाही. ते निवेदक वाचकाला समजावतो.

दुसरी भूमिका : पतनात निवडही आहे

दुसरा गट म्हणतो की, सगळेच नियतीवर टाकले तर कादंबरीचा उत्तरार्ध हाती लागत नाही. मूल गेल्यावर युर्गिस रडत नाही. मालगाडीवर चढतो आणि ओनाची सावत्र आई एल्झबिएता व तिच्या पोरांना वाऱ्यावर सोडतो. संप फोडायला जातो तेव्हा त्याच्या हातात पैसा असतो. हे निर्णय त्याचेच आहेत.

या बाजूने मला सर्वांत बोलका वाटतो तो भटकंतीतला एक छोटा प्रसंग. एका शेतकऱ्याकडे तो पैसे देऊन जेवण मागतो; भटक्यांना इथे काही मिळत नाही म्हणून शेतकरी हाकलतो. युर्गिस मुकाट निघतो. वाटेत त्याच शेतकऱ्याने नुकतीच लावलेली पीचची रोपे रांगेने उभी असतात. शेताच्या टोकापर्यंत तो एकेक रोप मुळासकट उपटत जातो. हाच माणूस कधी काळी शेतीवाडीत वाढलेला, रोप जगवायला काय लागते हे जाणणारा. अटळतेचा पुरस्कर्ता इथे अपमानाची आपोआप उमटलेली प्रतिक्रिया पाहील. निवडीचा पुरस्कर्ता म्हणेल, इथे युर्गिस पहिल्यांदा स्वतःच्या मूळ स्वभावाविरुद्ध जाणूनबुजून वागला. मजकूर दोन्ही वाचनांना जागा देतो, आणि हा गुंता सहज सुटणारा नाही.

तिसरी भूमिका : इतिहासकारांचा आक्षेप

इतिहासकारांचा प्रश्न वेगळा आहे: खरे स्थलांतरित असे कोसळले का? ऑस्कर हँडलिन यांच्या 'दि अपरूटेड' (१९५१) या गाजलेल्या ग्रंथात देशांतर म्हणजे मुळे उपटली जाणे, हे चित्र होते. त्या प्रकाशात युर्गिस प्रातिनिधिक ठरतो. जॉन बॉडनर यांच्या 'द ट्रान्सप्लांटेड'ने (१९८५) चित्र बदलले. लोक रोपासारखे मातीसकट आले. नातेगोते, धर्म, बचतीच्या सवयी घेऊन आले आणि नव्या जागी रुजले. मार्क वायमन यांनी १९९३मध्ये दाखवून दिले की, लाखो युरोपीय मजूर काही वर्षे कमावून मायदेशी परतले. युर्गिसला परतीची वाटच नाही, कारण मागे जमीन उरलेली नाही.

शिकागोच्या मांसकामगारांविषयी जेम्स बॅरेट यांचा १९८७चा अभ्यास या वादात मध्यवर्ती आहे. १९००नंतरच्या काही वर्षांत वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कामगारांनी, स्त्रियांनीही, तिथे भक्कम संघटना बांधली होती, हे त्यांनी मांडले. कादंबरीत युर्गिस संघटनेत जातो खरा, पण ती त्याच्या पडत्या काळात कुठे दिसत नाही. लुईझ कॅरोल वेड यांचा सूर अधिक कडक आहे: वस्तीचे चित्र इतके एकांगी आहे की वर्गात ही कादंबरी इतिहास म्हणून वाचायला देणे धोक्याचे. लिथुएनियन चर्च, बंधुसंस्था, वर्तमानपत्रे यांना कादंबरीत अगदी थोडी जागा आहे. झारच्या राजवटीत लॅटिन लिपीतल्या लिथुएनियन छपाईवर १८६४ ते १९०४ बंदी होती. शिकागोत मात्र त्या काळात लिथुएनियन वर्तमानपत्र उघडपणे छापले जात होते. म्हणजे अमेरिकेने या माणसांना काही दिलेही होते. सिंक्लेअर यांच्या बाजूने सांगितले जाते ते असे: कादंबरी सरासरी मांडत नाही, एका कुटुंबावर काय काय ओढवू शकते ते दाखवते, आणि त्यातली प्रत्येक आपत्ती त्या वस्तीत कुणा ना कुणावर येतच होती.

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास इथे तुलनेला उपयोगी पडतो. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४च्या ग्रंथात दाखवले की, गिरणी कामगाराने गावाशी ठेवलेला संबंध मागासलेपणाची खूण नव्हती. आजारपण, बेकारी, संप यांत तगून राहण्याचा तो आधार होता. कोकणातला चाकरमानी गणपतीला गावी जाई, मनिऑर्डर पाठवी, संप लांबला की घर गाठी. युर्गिसकडे नेमके हेच नव्हते. त्याचे पतन सर्व स्थलांतरितांचे आहे की फक्त परतीची वाट तुटलेल्यांचे, हा प्रश्न या तुलनेने अधिक नेमका होतो.

शेवटाचा वाद

सर्वांत जुना आक्षेप शेवटावर आहे. अखेरच्या चार प्रकरणांत कथा थांबते आणि भाषणे सुरू होतात. वॉल्टर राइडआऊट यांनी १९५६मध्ये कादंबरीला अमेरिकी जहाल कादंबरीच्या परंपरेत ठेवले. त्या परंपरेत नायकाचे मतांतर हा ठरलेला टप्पा असतो. त्या निकषावर शेवट उपरा वाटत नाही. मायकेल फोल्सम यांनी १९७९मध्ये मालिकेतला शेवट पुस्तकापेक्षा वेगळा होता याकडे लक्ष वेधले आणि सिंक्लेअर यांना कादंबरीतून बाहेर पडायची वाट सापडत नव्हती, असे प्रतिपादन केले.

यातून मूळ पाठाचा वाद उभा राहिला. १९८८मध्ये जीन डीग्रूसन यांनी मालिकेवर आधारलेली आवृत्ती काढली. २००३मध्ये ती सामग्री 'सेन्सॉर न झालेली मूळ आवृत्ती' अशा दाव्यासह पुन्हा बाजारात आली. ख्रिस्टोफर फेल्प्स यांनी हा दावा खोडला: काटछाट बहुतांशी लेखकाने स्वतः, कादंबरी आटोपशीर व्हावी म्हणून केली होती. कोणता पाठ प्रमाण मानायचा यावर एकमत नसले, तरी पुस्तकरूपातल्या पाठाकडेच अभ्यासकांचा कल आहे.

कोणाचे पतन मोजले जाते

अलीकडच्या अभ्यासाने नजर युर्गिसवरून इतरांकडे वळवली. ओनावरील अत्याचार कादंबरीत मुख्यतः युर्गिसच्या संतापाचे कारण म्हणून येतो; तिचे स्वतःचे बोल फार थोडे. पहिल्या पानावर गाडीवानाला दटावणारी मरिया शेवटी वेश्यागृहात मॉर्फिनच्या आहारी गेलेली भेटते आणि तिथेच राहते. नायकाचा उद्धार तिच्यापर्यंत पोहोचत नाही. संप फोडायला आणलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे वर्णन वंशद्वेषाने भरलेले आहे आणि ज्या लेखकाला मजुरांच्या एकजुटीची आस होती त्याने ते लिहिले, हे आज कोणी झाकत नाही. मार्क नून यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याची स्वतंत्र चिकित्सा केली आहे. हे मजूरही दक्षिणेतून पोटासाठी आलेले स्थलांतरितच होते. त्यांचे घर, त्यांचे पतन कादंबरीला दिसत नाही.

भाषेच्या अंगाने गीएद्रियुस सुबाचियुस यांचे २००६चे पुस्तक महत्त्वाचे. कादंबरीतली लिथुएनियन नावे, शब्द, लग्नातले विधी त्यांनी एकेक करून तपासले. भाषा न येणाऱ्या लेखकाने वस्तीतून किती काळजीपूर्वक टिपून घेतले होते, हे त्यातून कळते. पण हेही लक्षात येते की, हे शब्द पहिल्या प्रकरणात दाट आहेत आणि पुढे विरळ होत जातात.

शेजारच्या दोन कादंबऱ्या

नंतरच्या काळातल्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की देशांतरिताची कथा कोण सांगतो, हा मुद्दा उजळतो. अब्राहम कहान यांचा जन्म विल्नियसजवळचा, म्हणजे झारच्या त्याच लिथुएनियातला. ते यिद्दिश वृत्तपत्राचे संपादक होते. 'द राइज ऑफ डेव्हिड लेविन्स्की' (१९१७) या त्यांच्या इंग्रजी कादंबरीचा नायक खिशात चार सेंट घेऊन अमेरिकेत उतरतो, कोट्यधीश होतो आणि आतून रिता होतो. तो स्वतःची कथा स्वतः सांगतो. ओ. ई. रोल्वाग यांनी अमेरिकेत राहून नॉर्वेजियन भाषेत लिहिलेल्या आणि १९२७मध्ये 'जायंट्स इन दि अर्थ' नावाने इंग्रजीत आलेल्या कादंबरीत पेर हान्सा डाकोटाच्या माळरानावर घर उभे करतो, बायको बेरेट एकाकीपणाने मनातून ढासळते, आणि तो बर्फाच्या वादळात बाहेर पडून मरतो. एकाचे पतन श्रीमंतीत, दुसऱ्याचे स्वतःच्या शेतावर. उपासमार हे एकच कारण पुरे नाही, हे दोघे दाखवतात. दोघांचे लेखक स्वतः देशांतरित होते. सिंक्लेअर बाल्टिमोरमध्ये जन्मलेले अमेरिकी.

काय सुटले नाही

काही गोष्टींवर आता बऱ्यापैकी सहमती आहे. वस्तीतल्या घाणीचे आणि कामाच्या जाचाचे चित्र मूलतः खरे होते. समाजजीवनाचे चित्र अपुरे होते. वंशद्वेषी भाग अक्षम्य आहे. तीन प्रश्न मात्र उघडे आहेत. पतनात परिस्थिती किती आणि निवड किती? एका कुटुंबाचा सर्वनाश होणे हा साऱ्या समूहाच्या अनुभवाचा पुरावा मानायचे का? आणि पतनानंतरचा उद्धार कादंबरीने कमावला आहे का?

मला या तीनही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: युर्गिसचा आवाज आपल्याला कितपत ऐकू येतो? निवड मोजायची तर निवडणाऱ्याचे मन कळले पाहिजे. प्रातिनिधिकता ठरवायची तर त्याच्या समूहाची भाषा ऐकू आली पाहिजे. उद्धार पटायचा तर तो त्याच्या तोंडून आला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात युर्गिस एका दिवाणखान्यात बसलेला आहे. एक स्वीडिश विचारवंत, एक माजी धर्मोपदेशक आणि एका मासिकाचा संपादक भविष्यातल्या समाजाची चर्चा करत आहेत. ते बोलत राहतात, युर्गिस ऐकत राहतो. बायकोविषयी, बुडालेल्या मुलाविषयी, नवा रंग दिलेल्या त्या घराविषयी त्याला तिथे कोणी काही विचारत नाही. लग्नाच्या दिवशी दोन भाषांतून भांडणाऱ्या माणसांनी सुरू झालेली कादंबरी, त्यांच्यातल्या एकाला गप्प बसवून संपते. पुढच्या अभ्यासकाला पतनाची कारणे नव्याने मोजायची असतील, तर त्याने त्या खुर्चीपासून सुरुवात करावी.